मामाच्या हातातला रस्ता

नव्या गाडीत स्टिअरिंग होतं आणि चाकंही होती, पण दोघांचं आपसातलं बोलणं कायमचं बंद झालं होतं. पूर्वीच्या गाड्यांत स्टिअरिंगपासून खाली चाकांपर्यंत लोखंडी दांडा जायचा. चाक दगडावर चढलं की त्याचा हिसका दांड्यातून थेट चालवणाऱ्याच्या तळहातात यायचा. या गाडीत दांडाच नव्हता. स्टिअरिंग किती वळवलं याचा निरोप वायरमधून खाली जायचा, खालची मोटर चाकं वळवायची आणि विषय संपला. वर हातात काहीच यायचं नाही. पण रस्ता हाताला लागल्याशिवाय माणसाला गाडी चालवल्यासारखं वाटत नाही. म्हणून स्टिअरिंगच्या मागे आणखी एक मोटर बसवली होती आणि तिला काम एकच, रस्त्याची नक्कल करायची. खडी आली की थरथरायचं, वळणावर जड व्हायचं, टायर घसरायला लागले की अचानक हलकं पडायचं, म्हणजे चालवणारा वेळीच सावध होतो.

या मोटरला नक्कल शिकवायची नोकरी ठमी करायची.

"आमची भाची खोटं बोलायचा पगार घेते," मामा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "आणि खोटं नीट जमलंय की नाही, ते तपासायचा पगार मी घेतो."

ठमी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती गोल गरगरीत होती म्हणून मामाने ते ठेवलं होतं, आणि दोघं एकाच कारखान्यात कामाला लागल्यावर ते तिच्या मागोमाग तिथेही येऊन पोचलं. इंजिनिअरिंगची पदवी, गळ्यात ओळखपत्र, हाताखाली दोन माणसं, आणि फाटकावरचा रखवालदार म्हणतो, 'ठमीताई, आज उशीर?' तिनेही मग उट्टं काढलं. ती मामा म्हणते म्हणून अख्खा कारखाना त्याला मामाच म्हणायला लागला, अगदी वरच्या साहेबलोकांसकट. चारचौघांत ती त्याला तेवढी 'तुम्ही' म्हणायची. दोघंच असले की 'अरे मामा'.

मामा चाचणी ड्रायव्हर होता. नुसता ड्रायव्हर नव्हे, कारखान्याचे हातच होता तो. कोणत्या टायरमध्ये हवा कमी आहे हे तो स्टिअरिंग धरून सांगायचा आणि माणसं हवा मोजून तोंडात बोटं घालायची. ठमीची यंत्रं ढीगभर आकडे ओकत, पण शेवटचा शब्द मामाचा. त्याने 'हं' म्हटलं की ती नक्कल पास आणि नाक मुरडलं की ठमीने पुन्हा सगळं उसवून बसायचं. यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. ठमीला तर नाहीच. सायकलपासून गाडीपर्यंत सगळं तिला त्यानेच शिकवलं होतं, आणि मामाचे हात चुकतात असं कुणी म्हटलं असतं तर ती त्या माणसाला फाडून खायला उठली असती.

चाचणीची त्यांची एक रीत होती. कोणती नक्कल भरली आहे हे चालवणाऱ्याला सांगायचं नाही. आकडे दिले तर माणूस आकडा बघून मत देतो, म्हणून ठमीने प्रत्येक नकलेला नात्यातलं नाव दिलं होतं. सगळ्यात जड ती 'सासूबाई'. थोडं काही झालं की फुरंगटून हलका पडणारा तो 'जावई'. बरी, समजूतदार, पण कुणाच्या लक्षात न राहणारी ती 'मधली जाऊ'. मामा गाडी फिरवून यायचा आणि म्हणायचा, "ही सासूबाई दिसते, पण वय झालंय तिचं, अजून थोडा दरारा दे." ठमी दरारा द्यायची. गेलं वर्षभर तो सारखा 'अजून थोडं' म्हणत होता आणि ती देत होती.

त्यांच्यात एक दुसरी चाचणी ड्रायव्हर होती. तिला सगळे डावखुरी म्हणायचे. ती कुरकुर करायची की स्टिअरिंग फार मारकुटं झालंय, मनगटं ठणकतात. मागच्या महिन्यात खड्ड्यांच्या पट्टीवर स्टिअरिंगने असा काही झटका दिला की तिचा अंगठा मुरगळला. मामा हसला होता. "बोटं आहेत की शेवया?" म्हणाला होता. सगळेच हसले होते, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात मोठ्याने ठमी हसली होती.

आज नक्कल सील व्हायची होती. म्हणजे मामाने शेवटची फेरी मारायची, मान डोलवायची आणि विभागप्रमुख मॅडमनी कुलूप लावल्यासारखी ती पक्की करून टाकायची. मग तीच नक्कल प्रत्येक गाडीत जाणार. कुणा शिक्षिकेच्या, कुणा म्हाताऱ्या डॉक्टरच्या, कुणा नुकत्याच शिकलेल्या पोरीच्या हातात.

सकाळी ट्रॅक मोकळा होता. मामा चालवत होता आणि शेजारच्या सीटवर ठमी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली होती. आधी गुळगुळीत डांबर, मग खडीची पट्टी, मग पाणी सोडून ओली ठेवलेली फरशी, शेवटी खड्डे. गाडी खडीवर गेली तशी सीटखालून खडखड आली आणि मामाने समाधानाने मान हलवली.

"आहाहा. ठमे, ही कोणती भरलीस गं? रस्ता कसा हातात आणून ठेवलाय. एकेक खडा मोजून घे."

"आवडली?"

"आवडली काय विचारतेस? आजवरची सगळ्यात झकास. ओल्या फरशीवर बघ आता... हे बघ, हे बघ, कशी हलकी पडली. हीच. कर सील."

ठमी खूश झाली. नक्कल कुठली आहे हे नोंदवायला तिने लॅपटॉपकडे बघितलं, आणि तिला काही उमजेना. पडद्यावर रस्त्याची नक्कल करणाऱ्या मोटरची वरखाली होणारी रेघ असायला हवी तिथे सपाट रेघ होती. खडीवर सपाट, ओल्या फरशीवर सपाट. मोटर काम करत नव्हती. कशी करेल? काल संध्याकाळी तिने गाडी जॅकवर चढवून स्टिअरिंगच्या आतलं घर्षण मोजलं होतं, आणि ते मोजताना नक्कल मध्ये लुडबुडू नये म्हणून मोटरचा रस्त्याचा भाग बंद केला होता. तो परत सुरू करायचा राहून गेला होता. स्टिअरिंग सोडल्यावर मध्यावर परत आणणारा जोर तेवढा चालू होता. बाकी सगळं मुकं. चाचणीच्या गाडीतले इशारे तर त्यांनी कधीच गप्प करून टाकले होते, सारखे टुकटुक करतात म्हणून.

आधी तिला स्वतःचाच राग आला. एवढ्या महत्त्वाच्या दिवशी असला बावळटपणा! तोंड उघडून ती सांगणारच होती, 'अरे मामा, थांब, मोटर बंदच आहे.' आणि तेवढ्यात तो काय म्हणाला होता ते तिच्या डोक्यात शिरलं.

एकेक खडा मोजून घे.

"मामा, थांबव जरा. मला बघू दे चालवून."

"बघ की. तुझंच लेकरू आहे."

जागा बदलून ती स्टिअरिंगवर बसली. खडीवर गाडी घातली. खालून खडखड ऐकू येत होती, सीट थरथरत होती, आरसा थरथरत होता, आणि हातात? हातात काहीही नव्हतं. पातेल्यात चमचा फिरवावा तसं स्टिअरिंग फिरत होतं. ओल्या फरशीवर टायर घसरले तेव्हा तिला ते पोटात कळलं, हातात नाही. हे मुकेपण लहान मुलालासुद्धा कळलं असतं.

"कशी आहे?" मामाने विचारलं.

"छान आहे," ठमी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

तरी मन मानेना. लॅपटॉप खोटं बोलत असेल, आपले हात गार पडले असतील, मामा थट्टा करत असेल. हो, थट्टाच. त्याला मोटर बंद आहे हे पहिल्याच वळणावर कळलं असणार आणि तो आपली फिरकी घेतोय. ही कल्पना तिला इतकी आवडली की तिने ती घट्ट धरून ठेवली. "आता दुसरी भरते," ती म्हणाली, पुन्हा मामाला चालवायला बसवलं, आणि मोटर सुरू करून सासूबाई भरली. साधी नव्हे, तिच्या दुप्पट जोराची. अशी नक्कल कुणी माणसाला देत नाही. डावखुरीला दिली असती तर तिने स्टिअरिंग सोडून किंकाळी फोडली असती.

गाडी खडीवर गेली. ठमी रस्ता बघत नव्हती, मामाचे हात बघत होती. स्टिअरिंग अंगात आल्यासारखं थरथरत होतं. मामाच्या मनगटावरच्या घड्याळाची साखळी किणकिण वाजायला लागली. मामाने आवाज ऐकून खाली घड्याळाकडे बघितलं, मग म्हणाला, "हं, हिच्यात थोडी थरथर आहे. पण मघाचीच बरी होती."

आधी बघितलं, मग म्हणाला.

ठमीने मोटर हळूच कमी केली, कारण पुढे खड्डे होते. मामा आपला आरामात चालवत होता. खड्डा यायच्या आधी खांदे किंचित आवळत होता, गाडी उजवीकडे ओढली की कंबरेने सावरत होता. इतकी वर्षं गाडी चालवून त्याच्या सीटला, कानाला, डोळ्याला सगळं पाठ झालं होतं, आणि ते जे सांगत होते ते तो हातांच्या नावावर जमा करत होता. खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच हातात कळत होतं. म्हणजे कळतंय असं वाटत होतं. आणि जेवढं कमी कळत गेलं तेवढा तो 'अजून थोडं' म्हणत गेला, आणि तिने दिलं, वर्षभर दिलं.

जेवणाच्या सुट्टीत तिने डबा उघडला, पण जेवली नाही. डबा बंद करून ती जिन्याच्या कोपऱ्यात गेली आणि तिने मामीला फोन लावला.

"मामी, मामाच्या हातांना काही झालंय का गं?"

पलीकडे नळ चालू होता. तो बंद झाला.

"तुला त्यांनी सांगितलं?"

"नाही."

"मग मलाही विचारू नकोस. मी शब्द दिलाय."

"मामी!"

मग मामीच्याने राहवेना. "शर्टाची बटणं मी लावते गं रोज. म्हणतात, तुझ्या हातची सवय झाली. आधी मला मेलीला लाडच वाटले. मग एकदा हे इस्त्री करत होते. माझ्याशी बोलता बोलता बोटं तापलेल्या इस्त्रीवर टेकली आणि हे बोलतच राहिले. जळल्याचा वास मला आला, ठमे. त्यांना नाही कळलं. मी हात ओढून काढला."

"डॉक्टर?"

"नाव काढलं की घर डोक्यावर घेतात. म्हणतात, बटणाचं काय घेऊन बसलीस, स्टिअरिंगवर हात ठेवला की मला सगळं लख्ख कळतं. मीही म्हटलं, चला, तिथलं तरी शाबूत आहे." मग अगदी लहान आवाजात तिने विचारलं, "ठमे, स्टिअरिंगवर कळतं ना गं त्यांना?"

'मी नंतर करते,' असं काहीतरी पुटपुटून ठमीने फोन ठेवला.

जिन्यात उभ्या उभ्याच तिने पळवाटही शोधली. कुणाला काही सांगायचं नाही. लॅपटॉप आपल्याच हातात आहे. नक्कल गुपचूप सौम्य करायची, माणसांच्या हातांना सोसेल अशी, आणि सील होऊ द्यायची. मामाला थोडंच कळणार आहे? आणि हा शेवटचा विचार मनात आला तशी तिला स्वतःची इतकी शिसारी आली की ती खालीच बसली. कळणार नाही, हाच तर सगळा घोळ होता. उद्या हाच माणूस ट्रॅकवर भन्नाट वेगाने गाडी घालणार. कुठेतरी टायर घसरतील, स्टिअरिंग हलकं पडून त्याला ओरडून सांगेल, आणि त्याच्यापर्यंत काही पोचणार नाही. रोज तो मामीला शेजारी बसवून बाजारात जातो, तेव्हाही नाही.

वर्कशॉप रिकामं होतं, सगळे जेवायला गेले होते. मामा गाडीच्या बॉनेटवर फडकं मारत होता.

"मामा, जरा बस आत. एक बघायचंय."

"आणखी काय राहिलं? मॅडम वाट बघतायत."

"दोन मिनिटं."

तो बसला. गाडी उभीच होती. ठमी शेजारी बसली आणि तिने पंखा मोठा केला, म्हणजे मोटरची घरघर त्याच्या कानावर पडायला नको. "घड्याळ काढ," ती म्हणाली. त्याने काढून दिलं. "आता हात ठेव आणि डोळे मीट. मी मोटर हळूहळू वाढवत नेते. थरथर लागली की सांग."

"काय पोरखेळ लावलायस?"

"माझ्यासाठी. मीट ना."

मामा हसला आणि त्याने डोळे मिटले. दोन्ही हात स्टिअरिंगवर, जिथे ठेवायला त्याने तिला शिकवलं होतं बरोबर तिथेच. ठमीने मोटर सुरू केली. मधली जाऊ. मामा शांत. जावई. शांत. तिने सासूबाई भरली. स्टिअरिंग आता उघड उघड थरथरत होतं, मामाच्या बोटांची कातडी थरथरत होती, नखांवरचा उजेड हलत होता. मामाचा चेहरा देवळात बसल्यासारखा निवांत होता. ठमीने ओठ दाताखाली धरला. तिने सकाळची दुप्पट भरली.

"कर की सुरू," मामा डोळे मिटूनच म्हणाला. "जेवणाची सुट्टी संपेल."

पंखा भणभणत होता आणि मामाचे हात स्टिअरिंगबरोबर थरथरत होते आणि तो वाट बघत होता.

"ठमे? अगं केलंस का?"

उत्तर येईना म्हणून त्याने डोळे उघडले. आधी तिच्याकडे बघितलं. तिचा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. मग त्याने समोर बघितलं.

कितीतरी वेळ तो नुसता बघत राहिला. आपलेच दोन हात, ओळखीचे, डाव्या अंगठ्यावर जुना व्रण असलेले, कुणीतरी गदागदा हलवत होतं आणि त्याला त्याची वार्तासुद्धा नव्हती. त्याने हात उचलले. हात थांबले, स्टिअरिंग हलतच होतं. त्याने पुन्हा ठेवले. हात पुन्हा हलायला लागले. तोंड उघडं राहिलं होतं त्याचं. जे बघतोय ते कुणा दुसऱ्याचं आहे असं त्याला वाटत असावं.

"केव्हापासून चालू आहे हे?"

"डोळे मिटलेस तेव्हापासून."

"आणि सकाळी?"

"सकाळी पहिल्या फेरीला मोटर बंद होती, मामा. मी सुरू करायला विसरले होते."

"बंद होती." तो म्हणाला. "सगळ्यात झकास म्हणालो ती?"

ठमीने मान हलवली.

मग तो भडकला. "माझी परीक्षा घेतलीस? तू? तुला क्लच कुठला आणि ब्रेक कुठला हे कुणी सांगितलं गं? बंद करून ठेवलंस आणि मला बडबडू दिलंस, गंमत बघत बसलीस?"

"गंमत नव्हते बघत! मला आधी वाटलं, तूच माझी फिरकी घेतोयस. देवाशप्पथ, तसंच असावं असं मला वाटत होतं." तिला रडू फुटलं. "आणि तू का नाही सांगितलंस? मामीला बटणं लावायला सांगतोस, बोटं भाजून घेतोस, आणि मला एका शब्दाने नाही?"

"बटणं वेगळी. स्टिअरिंग वेगळं. स्टिअरिंगवर मला..." तो थांबला. पुढचा शब्द त्याच्या तोंडात आला होता आणि तोच आता खोटा पडला होता. त्याने दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले, मांडीवर घासले, पुन्हा बघितले. "कळत होतं गं ठमे," तो हळू आवाजात म्हणाला. "खडा न् खडा कळत होता. मग ते काय होतं?"

ठमीने मोटर बंद केली. स्टिअरिंग निपचित पडलं.

"कमी कर," मामा मग म्हणाला. "वर्षभर चढवत नेलीय मी. त्या पोरीचा अंगठा... कमी कर आत्ताच्या आत्ता."

ठमीने डोळे पुसले आणि लॅपटॉप ओढून घेतला. बोटं कळफलकावर ठेवली आणि रोजच्या सवयीने तिच्या तोंडून गेलं, "किती?"

मामाने तोंड उघडलं. वर्षानुवर्षं या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार असायचं, थोडं, किंचित, केसभर. तो तसाच तोंड उघडून बसला आणि ठमीला वाटलं, जीभ हासडून घ्यावी आपली.

"मला काय विचारतेस?" तो म्हणाला.

दार उघडून तो उतरला. ठमी धावत मागे गेली. "मामा, थांब. मी सांगते मॅडमना. तू घरी जा, मी नीट सांगते, आधी डॉक्टर बघतील, हे बरंही होत असेल..." तो ऐकत नव्हता. वर्कशॉप ओलांडून, जिना चढून, तो सरळ मॅडमच्या केबिनमध्ये शिरला. केबिनचं दार उघडंच होतं. मॅडम पडद्यासमोर बसल्या होत्या आणि सील करायचं पान त्यांनी आधीच उघडून ठेवलं होतं.

"या मामा, या! तुमचीच वाट बघत होते," त्या उठून म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. गाडी पास झाली की चालवणाऱ्याशी आधी हात मिळवायचा, मग सील, ही त्यांची पद्धत होती. "करायची ना पक्की?"

मामाने त्यांचा हात हातात घेतला. सांगायला शब्द शोधत होता तो. शब्द लवकर सापडेनात, आणि तोवर हात तसाच धरून उभा राहिला. ठमी दारात पोचली तेव्हा तिला मॅडमचा चेहरा दिसला. आधी हसरा, मग गोंधळलेला, मग पांढराफटक.

"मामा, अहो... मामा, हात! अंगठी रुततेय!"

मामाने खाली बघितलं. मॅडमची बोटं त्याच्या मुठीत एकमेकांवर चढली होती आणि पांढरी पडली होती. त्याने चटका बसल्यासारखा हात सोडला. मॅडमच्या बोटावर अंगठीचा लालभडक वळ उठला होता.

मामा त्या वळाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दुखलं ना, मॅडम? मला आत्ता कुठे तुमचा हात लागायला लागला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे माझे हात गेले, मॅडम. केव्हा गेले ते मलाही माहीत नाही. आणि या गाडीला मी वर्षभर हेच शिकवलंय." त्याने पडद्याकडे बोट केलं. "ते पान बंद करा. खाली डावखुरी आहे, तिचे हात चांगले आहेत. तिला बोलवा आणि पहिल्यापासून सुरू करा."

मॅडम एका हाताची बोटं दुसऱ्या हातात धरून त्याच्याकडे बघतच राहिल्या. मामा त्यांच्यासमोर हात पाठीमागे बांधून उभा होता, आणि दारात उभ्या असलेल्या ठमीला त्याची बोटं दिसत होती. ती एकमेकांना चाचपून बघत होती.